मोटर सारखी ट्रिप होते? रिवाइंडिंगला न्यायच्या आधी व्होल्ट आणि अँपिअर मांडून बघा

"पाऊण तास चालते, मग बंद पडते. रिसेट दाबलं की चालू, परत अर्ध्या तासानं बंद." वाळव्यापासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या मोटरींची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. उपायही ठरलेला असतो: मोटर सोडवा, गाडीत घाला, रिवाइंडिंगला न्या. नवं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, भरून मोटर परत येते, लाईट बरी असेतोवर चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बऱ्याचदा दोष मोटरमध्ये नसतोच. डीपीपासून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून, मोटरच्या टर्मिनलपर्यंतच्या वाटेत कुठंतरी व्होल्ट सांडत असतात, आणि ते नेमके कुठं सांडतात हे दोन आकडे मोजून आणि एक भागाकार करून कळतं.

लक्षणं अशी. मोटर सुरू होताना नीट होते, पण वीस मिनिटं ते तासाभरात ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) पडतो. लाईट आल्या आल्या त्रास जास्त, नंतर कमी. पाण्याची धार नेहमीपेक्षा बारीक आणि मोटरचा आवाज जड. स्टार्टर चिकटताना किरकिर करतो. पेटी उघडली की जळका वास येतो, किंवा तीनपैकी एकाच वायरचं प्लास्टिक टर्मिनलजवळ काळपट आणि कडक झालेलं दिसतं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर पुढचा क्रम धरा.

हिरवं बटण दाबताक्षणी फ्यूज उडत असेल किंवा मोटरच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर हा तो आजार नाही. तिथं काहीही मोजत बसू नका, मेन बंद करून थेट शेवटच्या भागाकडे या.

हत्यारं आणि हिशेब

टोंग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढं पुरतं. दोन्हींवर ६०० व्होल्टची रेंज हवी. टेस्टर स्क्रू ड्रायव्हर या कामाचा नाही. त्यातला निऑन शंभर व्होल्टलाही पेटतो, त्यामुळे "टेस्टर लागतोय म्हणजे लाईट बरोबर" या वाक्याला काही अर्थ नाही.

मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच दोन फेजना टेकवली, तर तो सरळ शॉर्ट होतो आणि मीटर हातात फुटतो. व्होल्ट मोजायच्या आधी दर वेळी ते भोक बघायचं.

हिशेब तीन:

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर
वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

तिसरा सगळ्यात कामाचा. अँपिअर दीडपट झाले की उष्णता सव्वादोनपट होते, आणि "थोडाच लोड जास्त आहे की" म्हणत रिलेचा डायल फिरवणारा नेमका इथं फसतो.

हे हिशेब जसेच्या तसे चालतात ते वायर, जॉइंट, कॉन्टॅक्ट, हीटर यांना. मोटरला नाही. ४१५ भागिले ८ केलं तर ५२ येतात, पण त्याच मोटरचं वाइंडिंग मीटरवर तीन ओहमच्या आसपास दिसतं, आणि मग माणूस म्हणतो वाइंडिंग शॉर्ट आहे. तसं नसतं. चालत्या मोटरमध्ये करंट अडवण्याचं काम तांब्यापेक्षा चुंबकत्व जास्त करतं. थ्री फेज मोटर किती वॅट ओढते हे काढायचं तर १.७३ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणारा वाटा, माहीत नसेल तर भरल्या लोडला ०.८ धरा.

पुढं सगळीकडे एकच मोटर उदाहरणाला घेतली आहे: पाच एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र), नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ८ अँपिअर, डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा), आणि स्टार्टरपासून मोटरपर्यंत दीडशे मीटर केबल.

आधी फुकटचं

मेन बंद करून पेटी उघडा. नेमप्लेटचे अँपिअर आणि रिलेच्या डायलवरचा आकडा जुळतात का बघा. डीओएल स्टार्टरला दोन्ही सारखे हवेत. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्णवर नेणारा) रिले बहुतेक वेळा मोटरच्या आतल्या फेजमध्ये बसवलेला असतो, तिथं नेमप्लेटच्या ०.५८ पट ठेवायचं. म्हणजे दहा एचपीला नेमप्लेटवर १४ असेल तर डायल ८.१ वर. तिथं १४ ठेवला की रिले कधीच पडत नाही, मोटर मात्र जळते. पलूस-तासगाव भागातल्या मोठ्या मोटरींत ही चूक वरचेवर सापडते, आणि "आमचा स्टार्टर कधी ट्रिप होत नाही" असं कौतुकानं सांगितलं जातं.

पेटी उन्हात आहे का हेही बघा. रिलेच्या आत तापल्यावर वाकणारी पट्टी असते. ती मोटरच्या करंटनं वाकली की एप्रिलच्या उन्हातल्या पत्र्यानं, हे तिला कळत नाही. फक्त दुपारीच ट्रिप होत असेल आणि रात्रपाळीत मोटर सुरळीत चालत असेल, तर आधी पेटीवर सावली करा आणि दोन दिवस बघा.

ट्रिप झाल्यावर लगेच रिसेट दाबू नका. पट्टी थंड व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. वाइंडिंगला त्याहून कितीतरी जास्त.

स्टार्टरच्या इनकमिंगला व्होल्ट

दोनदा मोजायचे: मोटर बंद असताना आणि मोटर चालू होऊन पाच मिनिटं झाल्यावर. आर, वाय, बी या तीन फेजच्या तिन्ही जोड्या घ्या: आर-वाय, वाय-बी, बी-आर.

४१५ व्होल्टला ६ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३९० ते ४४०. त्याखाली व्होल्ट गेले की मोटर तेवढंच पाणी उचलायला जास्त अँपिअर ओढते, कारण पंपाला लागणारे वॅट कमी होत नाहीत. ३४० व्होल्ट मिळाले तर ८ च्या जागी पावणेदहा अँपिअर होतात. १.२२ चा वर्ग केला की १.४९. म्हणजे वाइंडिंगमधली उष्णता दीडपट. रिले पडला तर त्यानं त्याचं काम केलं.

तिन्ही जोड्यांत तफावत असेल तर ती कमी व्होल्टेजपेक्षा वाईट. व्होल्टमधला दोन टक्क्यांचा फरक अँपिअरमध्ये सहा ते दहा पट मोठा होऊन दिसतो. ४०५-४०३-३८० असं काही दिसलं की मोटरकडे बघायचं कारणच उरत नाही, दोष वरच्या बाजूला आहे.

मोटर बंद असताना ४०९ आणि चालू केल्यावर ३९६ होत असतील, तर १३ व्होल्ट डीपी ते पेटी एवढ्या वाटेत गेले. हे चालण्यासारखं आहे. तीस-चाळीस व्होल्ट पडले तर आधी आपल्या ताब्यातलं बघा: मेन स्विच, कटआउटमधली (काढता येणाऱ्या फ्यूजमधली) तार, सर्व्हिस वायरचे शेवट. खांबावरचं आपलं नाही.

लाईट आल्या आल्याच त्रास होतो त्यामागं बहुधा लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच असतो. ६३ केव्हीएची डीपी ४१५ व्होल्टला साधारण ८७ अँपिअर देते. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी म्हणजे ८० अँपिअर, डीपी जवळजवळ भरली. आता लाईट आली आणि दहाही ऑटो स्विच एकाच सेकंदाला चिकटले. सुरू होताना मोटर सहापट करंट घेते, म्हणजे मागणी ४८० अँपिअरची. व्होल्ट कोसळतात, एकही मोटर वेग धरत नाही, सगळ्या गुरगुरत राहतात. ऑटो स्विचमध्ये उशिराचा टायमर असतो. डीपीवरच्या दहा जणांनी एकत्र बसून कुणाचा एक मिनिट, कुणाचा दोन, कुणाचा तीन असं वाटून घेतलं तर एक रुपया न खर्चता हा त्रास जातो. अवघड असतं ते दहा जणांना एकत्र बसवणं.

तिन्ही वायरींत अँपिअर

क्लॅम्पमध्ये एका वेळी एकच वायर. तिन्ही एकत्र घातल्या तर शून्य दिसतं.

तिन्ही आकडे ८ च्या आसपास असून तरी ट्रिप होत असेल, तर मोटर निर्दोष आहे, स्टार्टरच्या भागाकडे जा. तिन्ही सारखे पण ९-१० असतील तर कमी व्होल्ट किंवा पंपाचा जड लोड. एक आकडा शून्य आणि बाकीचे दोन तेरा-चौदा असतील तर फेज गेलाय, ताबडतोब बंद करा.

इथं व्होल्टमीटर दगा देतो. चालत्या मोटरचा एक फेज तुटला तरी फिरणारी मोटर त्या टोकाला स्वतःच व्होल्ट तयार करत राहते, आणि टर्मिनलवर तिन्ही जोड्या जवळपास ठीक दिसतात. क्लॅम्प फसत नाही. म्हणून अँपिअर न बघता "तिन्ही फेज आहेत" असं म्हणू नये. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) घ्यायचाच असेल तर करंटवर चालणारा घ्या, व्होल्टवर चालणाऱ्याला हाच चकवा बसतो.

कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात तिन्ही वाइंडिंगना सारखा करंट कधीच मिळत नाही. ऊस वाळतोय म्हणून एक रात्र चालवणं समजू शकतं, पण मग ट्रिपचं कारण शोधायला नको, ते समोरच आहे.

पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर जोडलेला असेल तर तो रिलेच्या आधी आहे की नंतर हे बघून ठेवा. रिलेच्या नंतर असेल तर रिलेला दिसणारा करंट मोटरच्या खऱ्या करंटपेक्षा कमी असतो, आणि डायल तेवढा खाली आणावा लागतो.

स्टार्टर: मिलिव्होल्टमध्ये बोलणारा दोष

अँपिअर बरोबर, व्होल्ट बरोबर, तरी रिले पडतो. अशा वेळी बहुतेकदा रिलेच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला असतो. ढिल्या जागी होणारी उष्णता तांब्यातून दोन बोटांवरच्या पट्टीपर्यंत पोचते आणि पट्टी वाकते. मोटरनं काही केलेलं नसतं.

मेन बंद करा, कटआउट काढून खिशात ठेवा, लाईट नाही याची मीटरनं खात्री करा, आणि सगळे स्क्रू आवळा. काळी पडलेली वायर नुसती आवळून भागत नाही. जळका भाग कापायचा, तांबं चकचकीत होईपर्यंत साफ करायचं, लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून बसवायचा. वायरीचे केस मुरडून स्क्रूखाली घालणं म्हणजे पुढच्या हंगामाचा दोष आजच पेरणं.

मग कॉन्टॅक्टची परीक्षा. ही चालू मोटरवर करायची आहे. उघड्या पेटीत चालू लाईटवर काम करायचा सराव नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मीटर एसी व्होल्टवर, सुरुवात ६०० च्या रेंजनं. एक टोक कॉन्टॅक्टरच्या (मोटरला लाईट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) वरच्या टर्मिनलवर, दुसरं त्याच फेजच्या खालच्या टर्मिनलवर. शून्याच्या जवळ दिसलं की रेंज खाली आणा. चांगल्या कॉन्टॅक्टवर काही दशक मिलिव्होल्ट येतात. समजा ९ अँपिअरला आर आणि वायवर ३० मिलिव्होल्ट आले आणि बीवर दीड व्होल्ट.

ओहम: १.५ ÷ ९ = ०.१७
वॅट: १.५ × ९ = १३.५

साडेतेरा वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते तुरीच्या डाळीएवढ्या चांदीच्या टिकलीवर निघतायत, आणि तिला थंड करायला वाराही नाही. टिकली खड्डे पडून काळी झालेली असते. कॉन्टॅक्टचा सेट बदला. पॉलिश पेपरनं घासून महिनाभर ढकलता येतं, पण घासताना चांदीचा थर जातो आणि खालचं तांबं लवकर जळतं.

रिलेच्या आरपार मोजलं तर व्होल्ट थोडे जास्त दिसणारच, तिथं मुद्दाम तापणारी पट्टी आहे. तिन्ही सारखे आहेत एवढंच बघा. आणि कमी रेंजवर प्रोब लावलेले असताना स्टार्टर सुटला तर मीटरवर पूर्ण लाईन व्होल्टेज येतं, म्हणून वाचून झालं की प्रोब लगेच काढा.

दीडशे मीटर केबल

बहुतेक वारंवारच्या ट्रिपचं मूळ इथं सापडतं, आणि नेमकं इथंच कुणी मोजत नाही.

स्टार्टरच्या आउटगोइंगला व्होल्ट घ्या आणि लगेच मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर घ्या. मधे लाईट वरखाली होते, म्हणून दोन माणसं, दोन मीटर आणि फोन असेल तर उत्तम. चालू मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा असतो, पायाखाली ओल असते. कोरड्या फळीवर उभं राहायचं, प्रोब एका हातानं टेकवायचे.

समजा स्टार्टरला ३९६, मोटरला ३७२ आणि करंट ९ अँपिअर. वाटेत २४ व्होल्ट गेले. थ्री फेजला एका तारेचा रोध असा काढायचा:

ओहम = पडलेले व्होल्ट ÷ (१.७३ × अँपिअर × पॉवर फॅक्टर)
२४ ÷ (१.७३ × ९ × ०.८) = १.९३ ओहम

आता असायला हवा किती? ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या लवचिक केबलचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणजे दीडशे मीटरला ०.७४. अडीच चौरसची ७.९८, सहाची ३.३०, दीडची १३.३. ॲल्युमिनियमची अडीच चौरस १२.१ आणि चारची ७.४१. आपले १.९३ ओहम दीडशे मीटरवर वाटले की किलोमीटरला १२.९ येतात. दुकानातून "चारची" म्हणून आणलेली केबल दीडच्या तांब्याच्या किंवा अडीचच्या ॲल्युमिनियमच्या जवळ निघाली. वरचं प्लास्टिक जाड असलं की आतलं तांबं कुणी मोजत नाही.

या केबलमध्ये जाणारी वीज: ३ × ९ × ९ × १.९३ = ४६९ वॅट. खरी चारची असती तर १८० गेले असते. मोटर एकूण ओढते १.७३ × ३७२ × ९ × ०.८, म्हणजे साधारण ४,६०० वॅट. त्याच्या एक दशांशाएवढी वीज नुसती केबल तापवते. आठ तासांच्या पाळीला पावणेचार युनिट.

पण केबल बदलायच्या आधी तिन्ही जोड्यांची पडझड तुलना करा. तिन्ही सारख्या पडल्या असतील तरच केबल बारीक किंवा फार लांब. दोन जोड्या पडल्या आणि तिसरी जागेवर राहिली, तर पडलेल्या दोन्हींत जो फेज सामाईक आहे त्याच्या जॉइंटमध्ये दोष. आर-वाय आणि बी-आर पडले, वाय-बी शाबूत, तर आर. दोन्ही सारख्याच पडतील असं नाही, पॉवर फॅक्टरमुळे एक जास्त पडते, त्यानं गोंधळू नका.

जॉइंट

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की काठावरच्या मोटरी वर ओढायची घाई होते. केबल कापली जाते, पाणी उतरलं की मुरडून, टेप गुंडाळून परत जोडली जाते. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर सोडा, एरवीच्या पावसाळ्यातही हे एकदा तरी होतंच. पाच वर्षांत एका केबलवर पाच-सहा जॉइंट जमतात, आणि प्रत्येकात गाळाचं पाणी मुरलेलं असतं.

अर्ध्या ओहमचा एक जॉइंट घ्या. ९ × ९ × ०.५ = ४० वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळतं, हे त्याहून जास्त. मोटर अर्धा तास चालवा, मेन बंद करा, कटआउट काढा, मीटरनं खात्री करा आणि एकेक जॉइंट हातानं चाचपा. गरम लागेल तो खराब. टेप सोडल्यावर आत हिरवट-काळी भुकटी दिसेल.

दुरुस्ती: दोन्ही टोकं नवं तांबं लागेपर्यंत कापा, नळीचा लग क्रिम्पिंग टूलनं दाबा, पकडीनं नाही. तीन तारांचे जॉइंट एकमेकांपासून पाच-सात सेंटिमीटर पुढंमागं ठेवा, म्हणजे टेप ढिली झाली तरी एकमेकांना लागणार नाहीत. वरून हीट श्रिंक. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट मुरडू नका, ओलीत त्यांचा जोड आतून खात जातो. त्यासाठी बायमेटल लग मिळतो. आणि दरवर्षी कापायचंच असेल तर ती जागा एकदाच ठरवून पुराच्या पातळीच्या वर टर्मिनलची पेटी बसवा. स्क्रू सोडले की काम झालं.

पंपाचा लोड

व्होल्ट ठीक, केबल ठीक, तिन्ही अँपिअर सारखे पण जास्त. मेन बंद करून शाफ्ट हातानं फिरवा. अडकत असेल तर ग्लँड फार आवळलेला, बेअरिंग गेलेलं किंवा इंपेलरमध्ये खडा.

शाफ्ट मोकळा फिरत असेल तर पाण्याची पातळी बघा. अनेकांना उलटं वाटतं, पण नदी किंवा विहीर भरली की सेंट्रिफ्यूगल पंपाचे अँपिअर वाढतात. उचल कमी झाली, पंप जास्त पाणी फेकतो, जास्त वॅट लागतात. जत-कवठेमहांकाळच्या खोल विहिरीसाठी घेतलेला पंप काठोकाठ भरलेल्या विहिरीवर बसवला की हेच होतं. डिलिव्हरीचा कॉक हळूहळू आवळा, अँपिअर नेमप्लेटवर येतील तिथं थांबा.

अँपिअर नेहमीपेक्षा कमी असतील तर फूटव्हॉल्व्ह, हवा, जाळीतला कचरा किंवा ठिबकचा तुंबलेला फिल्टर. त्यानं ओव्हरलोड पडत नाही.

वाइंडिंग: बॅटरी आणि हेडलाईटचा बल्ब

इथवर काही सापडलं नाही तरच. मल्टिमीटरची ओहमची रेंज इथं उपयोगाची नाही. तिच्या वायरींतच ०.२ ते ०.४ ओहम असतात, आणि आपल्याला तीन ओहममधला पाच टक्क्यांचा फरक बघायचाय.

मोटरची तिन्ही टोकं केबलपासून सोडवा. १२ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब, मग १० अँपिअरच्या भोकात लावलेला मीटर, मग वाइंडिंगची दोन टोकं. बल्ब अशासाठी की वाइंडिंग शॉर्ट असलं तरी करंट हाताबाहेर जात नाही. दुसरा मीटर डीसी व्होल्टवर थेट वाइंडिंगच्या टोकांवर टेकवा, बॅटरीच्या क्लिपवर नाही.

यू-व्ही: ७.७० ÷ २.७५ = २.८० ओहम
व्ही-डब्ल्यू: ७.७२ ÷ २.७५ = २.८१
डब्ल्यू-यू: ७.३५ ÷ २.८४ = २.५९

तिसरं आठ टक्के कमी. काही वेढे आपसात चिकटलेत, ही मोटर खरोखर रिवाइंडिंगची. तिन्ही दोन-तीन टक्क्यांत असतील तर वाइंडिंगला हात लावू देऊ नका.

सोडवताना आधी व्होल्टमीटरचे प्रोब काढा, मग बॅटरी. बॅटरी आधी काढली तर वाइंडिंग झटका मारतं, मीटरलाही आणि बोटांनाही.

याच मोजणीनं मोटर आतून किती तापते हेही कळतं. सकाळी २८ अंशांना २.८० आले आणि तासभर चालवून बंद केल्याबरोबर ३.५० आले, तर ३.५० ÷ २.८० = १.२५. त्याला २६२.५ नं गुणा (२३४.५ अधिक २८), त्यातून २३४.५ वजा करा. ९४ अंश. बी क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० आहे. बॉडीला हात ठेवून चटका बसला एवढ्यावरून मोटर जळतेय म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

इथं थांबा

डीपी, तिच्यावरचे फ्यूज, डीओ (डीपीच्या वरच्या बाजूचे ड्रॉप-आउट फ्यूज) आणि खांबावरची लाईन हे वीज कंपनीच्या माणसाचं काम. फांदीनं डीओ पाडणं, डीपीतली तार स्वतः बांधणं यात माणसं जातात. इनकमिंगलाच व्होल्ट कमी किंवा असमान असतील तर वेळ आणि तिन्ही आकडे लिहून लेखी तक्रार द्या.

बॉडीला झटका लागत असेल तर वायरमनला बोलवा आणि येईपर्यंत कटआउट काढून ठेवा. वाइंडिंग आणि बॉडीतला रोध १० हजार ओहमवर आला की २४० ÷ १०,००० म्हणजे २४ मिलिअँपिअर, ओल्या पायांच्या माणसाला धोक्याचे. हा रोध ५०० व्होल्टच्या मेगरनंच, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनंच, मोजतात. किमान १ मेगाओहम हवा. साध्या मल्टिमीटरला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ही गळती बऱ्याचदा दिसत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेली मोटर वाळवून मेगर केल्याशिवाय चालू करायची नाही, ती बाहेरून कितीही कोरडी दिसो. बोअरमधली सबमर्सिबल उपसणं, बेअरिंग काढणं, बटण दाबताच फ्यूज उडणं, वाइंडिंगच्या तीन आकड्यांतला पाच टक्क्यांहून मोठा फरक: यातलं काही असेल तर मीटर ठेवून द्या आणि माणूस बोलवा. दुकानात मोटर देताना वरचे सगळे आकडे कागदावर लिहून द्या. नाहीतर "जळलीय" एवढंच ऐकायला मिळतं.

सगळं नीट चालत असेल त्या दिवशीही एकदा मोजा आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना याच्याशीच करायची आहे:

पेटी ४०२-४०४-४०१
मोटर ३९३-३९५-३९२
अँपिअर ८.२-८.३-८.२
वाइंडिंग २.८० थंड
नदी खाली, कॉक पूर्ण उघडा